वाहून कोण नेतं?

क्विगलुक, अलास्का
१८ सप्टेंबर १९९४

प्रिय आत्या,
सविनय जय भीम.

तुझं लोणचं पोचलं. बरणी फुटली नाही, फक्त झाकण सैल होऊन थोडं तेल रवीदादाच्या जुन्या स्वेटरला लागलं. मी तो तसाच घालते. इथे कोणाला लोणच्याचा वास ओळखू येत नाही.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. गावात चालणारा फोन एकच, तो पंचायतीच्या ऑफिसात, आणि मागे पाच-सहा जण उभे असतात. विमान आठवड्यातून तीनदा येतं, हवा असली तर. म्हणून पत्रच बरं.

पिस्कॅटवेत दादा सगळ्यांना सांगतो की मोनाली 'वॉटर प्रोजेक्ट'वर आहे. खरं म्हणजे मी संडासांवर आहे. पन्नास घरांचं गाव, युपिक लोकांचं. जमीन बाराही महिने गोठलेली. दोन फूट खणलं की बर्फ. त्यामुळे शोषखड्डा नाही, सेप्टिक टँक नाही, जमिनीतून पाइप नाहीत. घराच्या कोपऱ्यात प्लास्टिकची बादली, वर सीट, आत पिशवी. भरली की कोणीतरी उचलायची आणि गावाबाहेरच्या तळ्यावर टाकायची. तिला म्हणतात हनी बकेट, मधाची बादली. हे नाव कोणी ठेवलं कोणास ठाऊक. हिवाळाभर सगळं गोठलेलं असतं म्हणून निभतं. मे महिन्यात बर्फ वितळतं आणि फुटक्या पिशव्या तरंगत दारापर्यंत येतात. यंदा शाळेतल्या अकरा मुलांना कावीळ झाली.

लोकांना हवेत पाइप. जमिनीवरून खांबांवर नेलेले, आत गरम पाणी फिरवत ठेवलेले. पण ते मंजूर होऊन उभे राहायला आठ-दहा वर्षं. कंपोस्ट टॉयलेट मागे दोन घरांत लावून बघितली, थंडीत त्यात काही कुजतच नाही. मैला जाळणारं एक यंत्रही आहे, ते तेल पीत बसतं आणि वास अख्ख्या गावाला. राहिला आमच्या कंपनीचा पर्याय: घरात छोटा फ्लश, घराखाली बंद टाकी, आणि आठवड्यातून दोनदा एक माणूस स्नोमशीनला, म्हणजे बर्फावरच्या मोटारसायकलला, गाडा जोडून येतो, पाइप लावून टाकी रिकामी करतो. आधी बारा घरांत करून बघायचं. मार्चमध्ये गाव ठरवेल, सगळीकडे हेच करायचं की पाइपांची वाट बघायची. सगळी ड्रॉइंग्ज माझी आहेत, आत्या. नोकरीतलं पहिलंच मोठं काम.

तू नगरपालिकेच्या ऑफिसात होतीस. आपल्या गावी टोपल्यांचे संडास होते ना? ते बंद करून फ्लशचे केले तेव्हा लोकांनी काय कुरकूर केली, आठवतं का? बाबांना विचारलं तर ते विषय बदलतात.

तुझी,
मोनाली


पिस्कॅटवे
३ ऑक्टोबर १९९४

चि. मोनालीस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. संध्याला वाचून दाखवलं, पण संडासाचा भाग सोडून. ती चांगली आहे, पण तिच्या तोंडून ते रवीपर्यंत जाईल आणि रवीला मग बरं वाटणार नाही.

टोपलीच्या संडासाला मागच्या बोळात लहान दार असायचं, गुडघ्याएवढं. उकिडवं बसून हात आत घालावा लागे. टोपलीत आधी राख टाकलेली असली तर सगळं सुटून येई. नाहीतर खराट्याने खरवडावं लागे. अख्ख्या बोळात एकच बाई रोज राख टाकायची. बाकीच्यांना सुचत नसेल, नाहीतर तेवढंही करायचं नसेल. टोपली डब्यात रिकामी करायची, डबा डोक्यावर नाहीतर कमरेवर, आणि कोपऱ्यावरच्या गाड्यापर्यंत न्यायचं. पत्र्याचा डबा गळका असला तर खाली कापडाची चुंबळ ठेवून भागत नसे. हे सगळं तेव्हा ऐकलेलं.

फ्लश आले तेव्हा कुरकूर कोणी केली नाही. कोण करणार? मला एकच विचारायचं आहे. तो गाडा घेऊन येणारा माणूस कोण? वय काय त्याचं? तू त्याच्याबद्दल एक ओळ लिहिलीस आणि टाकीबद्दल पानभर.

इथे मला घरात बसवत नाही. सकाळी सगळे गेले की मी जिना चढते, उतरते. शेजारची गोरी बाई खिडकीतून बघते. थंडीत डोकं झाकून ठेव.

तुझी आत्या,
रत्ना


क्विगलुक
३० ऑक्टोबर १९९४

प्रिय आत्या,

ऑफिसात बसून तू किती बारकाईने ऐकलं होतंस. राखेची गोष्ट मी माझ्या बॉसला, केंटला, सांगितली. तो म्हणाला, "तुझ्या आत्याला नोकरीवर घेऊ या."

त्या माणसाचं नाव वॉल्टर. चौपन्न वर्षांचा. बुटका, रुंद, फार कमी बोलतो, आणि बोलला तर माझ्या कामात काहीतरी खोट काढतो. उन्हाळ्यात मासे पकडतो, हिवाळ्यात शिकार करतो. चर्चमध्ये त्याचा आवाज सगळ्यात वरचा. तुला काय वाटतंय ते मला कळतंय, म्हणून लिहिते: इथे तसं काही नाही. आपल्याकडच्यासारखी जात नाही, विटाळ नाही. ज्या घरची टाकी तो उपसतो तिथेच मग तो चहाला बसतो. ते लोक त्याला सुकवलेला सामन मासा देतात, बरोबर बसून खातात. या कामाला माणसं रांगेत होती, पंचायतीने त्याला निवडलं. दादाच्या मित्रांना हे सांगायला हवं एकदा.

नऊ घरांत टाक्या बसल्या. तीन राहिल्यात. गोठायच्या आत व्हायला हवं, म्हणून मी सकाळपासून धावत असते. दिवस रोज पाच मिनिटांनी आखडतो. खूप काम बाकी आणि उजेड कमी, याने माणूस नुसता सैरभैर होतो.

मोनाली


पिस्कॅटवे
२० नोव्हेंबर १९९४

चि. मोनालीस आशीर्वाद.

वॉल्टरला मान आहे हे वाचून बरं वाटलं. पण मान असला म्हणजे हात गार पडत नाहीत का? पाइप लावताना तो उभा असतो की वाकतो? पाइप जिथे लावायचा ती टाकीची तोटी जमिनीपासून किती उंच आहे? तो तुझ्या कामात खोट काढतो ती कोणती, ते तू लिहिलं नाहीस.

परवा रवीकडे एडिसनहून चार कुटुंबं आली होती. कोणीतरी विचारलं, काकू, तुम्ही इंडियात काय करत होता? मी तोंड उघडायच्या आत रवी म्हणाला, "आई नगरपालिकेत क्लार्क होती." मी उठले आणि पोळ्या करायला गेले. वीस लागणार होत्या, चाळीस करून ठेवल्या. संध्या म्हणाली, "आई, कशाला इतक्या?" मी म्हटलं, पुरतील दोन दिवस.

रत्ना


क्विगलुक
११ डिसेंबर १९९४

प्रिय आत्या,

घाईत लिहिते, विमान सुटतंय. बाराही घरं झाली. सगळं छान चाललंय. सोबत फोटो पाठवतेय, पिवळा गाडा तो आमचा. मुलांना फ्लशची इतकी गंमत वाटते की पाणी पुरत नाही. तोटीबद्दल तू विचारलंस, ते उन्हाळ्यात बघू.

मोनाली


पिस्कॅटवे
२९ जानेवारी १९९५

चि. मोनालीस आशीर्वाद.

सात आठवडे झाले, पत्र नाही. एक तारखेला फोन केलास तो नुसता हवेबद्दल. उणे किती आणि बर्फ किती. मी विचारलं, वॉल्टर कसा आहे, तर तू म्हणालीस, लाइन नीट येत नाही. मला तर तुझा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

फोटो मी भिंग घेऊन बघितला. त्यात गाड्यामागे एक माणूस बर्फात पोटावर झोपलेला आहे. आधी वाटलं काही पडलंय ते शोधतोय. मग त्याच्या हातातला पाइप दिसला.

काय झालं ते लिही. मी रवीला सांगणार नाही. मी काय काय न सांगता ठेवू शकते ते तुला माहीत नाही.

रत्ना


क्विगलुक
८ फेब्रुवारी १९९५

प्रिय आत्या,

सोळा डिसेंबरला झालं. उणे पस्तीस होतं. वॉल्टर एका म्हातारीच्या घराखाली टाकी उपसत होता. पाइपचा जोड अर्धवट गोठला होता. त्याने कोमट पाणी ओतून तो सोडवला, तो एकदम सुटला आणि सगळं त्याच्या अंगावर आलं. ग्लोव्हज, बाह्या, कोपरापर्यंत भिजला. घरी जाऊन बदलायला हवं होतं. पण तसंच सोडलं असतं तर टाकी उलटी म्हातारीच्या घरात भरली असती. म्हणून त्याने जोड परत लावला, टाकी पूर्ण उपसली, गाडा तळ्यापर्यंत नेला, रिकामा केला. मग दवाखान्यात गेला. तिथून विमानाने मोठ्या हॉस्पिटलमध्ये. डाव्या हाताची दोन बोटं काढावी लागली.

मी त्याला भेटायला गेले होते. तो म्हणाला, "म्हातारीचं घर ठीक आहे ना?"

आता केंटने रिपोर्ट लिहून पाठवलाय. त्यात म्हटलंय की ऑपरेटरने सूचना पाळल्या नाहीत. सूचनांमध्ये ग्लोव्हज ओले झाल्यास काम थांबवावं असं छापलेलं आहे, हे खरं आहे. खाली माझी सही हवी, कारण साइटवर मी होते. केंट म्हणतो, मोनाली, हा रिपोर्ट नीट गेला नाही तर प्रोजेक्ट बंद पडेल, मुलं परत बादलीवर येतील, परत कावीळ. तेही खोटं नाही, आत्या, हाच तर प्रॉब्लेम आहे. मार्चच्या सभेआधी सही द्यायची आहे. मी रोज कागद काढते, वाचते, परत ठेवते. बाहेर जाऊन गावाला फेरी मारून येते, पापण्यांवर बर्फ धरतं, परत येऊन वाचते.

मी काय करू?

मोनाली


पिस्कॅटवे
१७ फेब्रुवारी १९९५

चि. मोनालीस आशीर्वाद.

मी ऑफिसात नव्हते. कधीच नव्हते. शेवटची अकरा वर्षं शाळेत शिपाई होते, ते खरं. त्याच्या आधी चार वर्षं मी मैला उचलला.

आपल्या लोकांत हे काम कोणी करत नसे. दीक्षेनंतर तर असली कामं टाकायचीच असं ठरलं होतं. पण रवी सात वर्षांचा असताना त्याचे बाबा गेले. तुझे बाबा तेव्हा स्वतःच शिकत होते, वसतिगृहात राहत होते. मुकादम म्हणाला, बदलीवर एक जागा आहे, येतेस तर ये. मी गेले. वस्तीत कोणाला सांगितलं नाही. दोन मैल लांबच्या बोळांत काम मागून घेतलं. परत येताना नदीवर अंघोळ करून, दुसरं लुगडं नेसून घरी यायची. तुझे बाबा विषय बदलतात कारण त्यांना नंतर कळलं आणि ते त्यांना अजून लागतं.

दुसऱ्या वर्षी एका वाण्याच्या घरामागे दगडी पायऱ्या होत्या, तिथे डब्याची कडी तुटली. मी डब्यासकट खाली आले. मनगट मोडलं. ती कडी तुटायला आलीय हे मी मुकादमाला तीनदा सांगितलं होतं. इन्स्पेक्टरने कागद केला आणि म्हणाला, बाई, इथे अंगठा दे, औषधपाण्यासाठी आहे. मी दिला. दोन महिन्यांनी हात बांधलेलाच असताना कारकुनाने वाचून दाखवलं. लिहिलं होतं, कामगार स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडली. खाली माझा अंगठा.

मग मी रवीचं दुसरीचं पुस्तक घेतलं. त्याला म्हटलं, मला शिकव. त्याला वाटलं आई खेळतेय.

तू मला विचारतेस मी काय करू. मला शिकलेल्यांचं कळत नाही. तुझं शिक्षण माझ्यापेक्षा पुष्कळ मोठं. पण तू सगळं लिहिलंस, जोड लिहिलास, पाणी, थंडी, म्हातारी, बोटं. तोटी इतक्या खाली कोणी बसवली ते लिहिलं नाहीस. वॉल्टरने ते कोणाला सांगितलं होतं तेही नाही.

ते मला लिहू नकोस. जिथे लिहायचं तिथे लिही.

आत्या


क्विगलुक
२७ मार्च १९९५

प्रिय आत्या,

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन हिंडले. मी दोन वर्षं तुझ्या घरी राहिले, तुझ्या हातचं जेवले, तुझं मनगट थंडीत दुखतं म्हणून तुला बाम चोळून दिला. कशाने दुखतं हे कधी विचारलं नाही.

तोटी मी बसवली. जमिनीपासून दीड फूट. पाइप जितका लांब तितका गोठतो, म्हणून ड्रॉइंगमध्ये तो आखूड ठेवला आणि हुशारी केली असं वाटलं. वॉल्टरने ऑक्टोबरमध्ये मला सांगितलं होतं, "हे झोपून करावं लागतं. झोपलेला माणूस हात लवकर मागे घेऊ शकत नाही." मी म्हटलं, उन्हाळ्यात बदलू. त्याने मान हलवली आणि कामाला गेला.

मी केंटच्या रिपोर्टवर सही केली नाही. माझा वेगळा लिहिला. ड्रॉइंगचा नंबर, तारीख, वॉल्टर काय म्हणाला, मी काय म्हणाले. खाली पूर्ण नाव. एक प्रत कंपनीला, एक पंचायतीला. केंटचा फोन आला. तो ओरडला नाही. म्हणाला, "तुला कळतंय ना, यात तू स्वतःलाच अडकवते आहेस?" मी म्हटलं, "अडकलेलीच होते, केंट. आता लिहून दिलं एवढंच." दुसऱ्या दिवशी मला प्रोजेक्टवरून काढल्याचं कळलं. सभेपर्यंत राहू दिलं, कारण पंचायतीने मागणी केली.

सभा शाळेच्या जिममध्ये झाली. तीन तास. मला वाटलं होतं लोक टाक्या उखडून टाका म्हणतील. मी स्वतःच उठून म्हणाले की वाहून नेण्याची पद्धत बंद करा, पाइप येईपर्यंत थांबा, कोणा माणसाने हे करायलाच नको. मला वाटलं मी वॉल्टरच्या बाजूने बोलतेय. तुझ्याही.

वॉल्टर मागे बसला होता, हात कोटाच्या आत. तो उठला. युपिकमध्ये बोलला, मग माझ्याकडे बघून इंग्रजीत. "पाइप येईपर्यंत दहा वर्षं. तोवर बादली कोण उचलेल? माझी सून उचलेल. आजही उचलते, पोटुशी असताना. मी झोपून करत होतो, मला उभं राहून करायचंय. जोड इथे हवा." त्याने कमरेवर हात ठेवला. "घरातली ऊब त्याला लागली पाहिजे. आणि दोन माणसं. एक भिजला तर दुसरा पूर्ण करेल." मग म्हणाला, "हे काम माझं आहे. ते वाईट आहे असं या मुलीने मला सांगू नये. ते वाईट पद्धतीने बनवलंय, हे तिने सांगितलं, तेवढं पुरे."

माझे कान गरम झाले. मी खाली बसले.

मत घेतलं. सगळ्या घरांत टाक्या, पण जोड कमरेइतका, घराच्या उबेतल्या पेटीत, आणि दोन माणसं. पाइपांचा अर्जही चालू ठेवायचा. दुसऱ्या दिवशी वॉल्टर माझ्या खोलीवर आला, टेपने माझी उंची मोजली, स्वतःची मोजली, आणि म्हणाला, "माझ्या उंचीने काढ." शेवटचं ड्रॉइंग मी त्याच्यासमोर बसून केलं. कंपनी त्यावर माझं नाव घालणार नाही. तरी ते तसंच बनेल, पंचायतीने लिहून घेतलंय.

शुक्रवारी मी निघतेय. पुढे कुठे, माहीत नाही. तुझ्याकडे आले तर चालेल का? आणि एक विचारायचं आहे. तू जे मला लिहिलंस ते दादाला माहीत आहे का?

तुझी,
मोनाली


पिस्कॅटवे
२३ एप्रिल १९९५

चि. मोनालीस अनेक आशीर्वाद.

तुझं फोनवर कळलं, मिनियापोलिसला मैत्रिणीकडे आहेस, ईडन प्रेरीत कुठल्या कंपनीत मुलाखत आहे. झाली की इकडे ये. तुझ्या खोलीत संध्याने शिलाई मशीन ठेवलंय, ते हलवायला लावते.

मागच्या शनिवारी आपल्या लोकांनी जयंतीचा कार्यक्रम केला, शाळेचा हॉल घेऊन. दीडशे माणूस होतं. रवी स्टेजवर होता. ज्येष्ठ म्हणून मला दोन शब्द बोलायला बोलावलं. रवीने माइकवर सांगितलं, आई नगरपालिकेत कारकून होती. मी माइक घेतला. मला भाषण येत नाही. म्हटलं, मी कारकून नव्हते, मी चार वर्षं टोपलीचे संडास साफ केले, आणि त्यातून हा मुलगा शिकला. माझी भाची अलास्कात तेच काम माणसाला उभं राहून करता यावं म्हणून नोकरी घालवून बसली आहे. तिचं नाव मोनाली. एवढं बोलले आणि बसले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या, नागपूरच्या, डॉक्टरची आई. माझ्याजवळ येऊन बसल्या. माझा हात धरला. जेवणं होईपर्यंत सोडला नाही.

गाडीत रवी गप्प. आठवडाभर गप्प. कामाला जाई, येई, खाली मान घालून जेवे. संध्या दोघांच्या मध्ये ताटं घेऊन फिरे. मला वाटलं, मी मुलाला गमावलं. जिना चढायची, उतरायची. एकदा बॅगसुद्धा काढली, मग कळेना कुठे जाणार, परत ठेवली.

काल सकाळी तो स्वयंपाकघरात आला. संध्या भाजी आणायला गेली होती. तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "आई, मला माहीत होतं."

मी म्हटलं, "काय?"

"मी तिसरीत होतो. मास्तरांनी खडू आणायला बाजारात पाठवलं होतं. तू बोळातून बाहेर आलीस, डबा घेऊन. माझ्याबरोबर दोन मुलं होती. मी त्यांना म्हटलं, चला, पळत जाऊ. आणि पळालो. घरी आल्यावर तू विचारलंस, आज शाळेत काय शिकवलं. मी धडा म्हणून दाखवला. तेव्हापासून कोणी विचारलं की आधी मीच बोलतो. तुझी लाज वाटते म्हणून नाही. तू सांगायला लागलीस की मला ते पळणं आठवतं."

एकोणचाळीस वर्षांचा माणूस, मोनाली, टेबलावर डोकं ठेवून रडला.

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्याला सांगितलं, जे मी कोणालाच सांगितलेलं नाही. "मीसुद्धा तुला बघितलं होतं. पांढरा सदरा, हातात खडूची पेटी. मीच डबा कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. तू पळालास ते मला ऐकू आलं, आणि मला बरं वाटलं. म्हटलं, पोरगा वाचला."

त्याने बाहीने डोळे पुसले. मग उठला, तोंड धुतलं आणि म्हणाला, "कुठल्या बोळात होतं ते? मला नीट सांग." मी सांगायला लागले. मारुतीच्या पारापासून डावीकडे, तेल्याच्या घाण्यामागे, मग पायऱ्या. त्याने तुझ्यासारखाच एक कागद घेतला आणि मी सांगेन तसा नकाशा काढत गेला. मध्येच म्हणायचा, इथे वळण होतं का, इथे पिंपळ होता का. संध्या आली तेव्हाही आम्ही तिथेच होतो. चहा निवून गेला होता. तिने नवीन ठेवला आणि तीही कागदाजवळ येऊन बसली.

आत्या